ओंजळीनं पाणी

बाबा, तुम्हाला एक विचारायचं राहिलंय. आता विचारून उपयोग नाही, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. तरी विचारते. पटकीच्या साथीत आगबोटीवरच्या पाण्याच्या पिंपाचा पेला तुम्ही काढून टाकलात, तो कुणाच्या सांगण्यावरून? कप्तानाच्या, डॉक्टरच्या, की तुमच्याच डोक्यातून निघालं ते?

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मे महिना, डेकवर माणसांची ही दाटी, वळकट्या, पिकलेल्या फणसाचा वास, आणि कोपऱ्यात ते पिंप. खलाशी म्हणून त्याची राखण तुमच्याकडे. एरवी त्याला साखळीनं बांधलेला जर्मनचा पेला असायचा आणि अख्खी बोट त्या एका पेल्यानं प्यायची. त्या वर्षी पेला गायब. तुम्ही लांब दांड्याचं ओगराळं घेऊन उभे, आधी प्रत्येकाचा टोचल्याचा दाखला बघताय, मग म्हणताय, "ओंजळ करा," आणि वरून धार सोडताय. मलाही तसंच दिलंत. पोटच्या पोरीला! मी मुंबई येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. आणि ते कोटवाले गृहस्थ आठवतात? केवढे भडकले! "मला वरून पाणी ओततोस? मी कोण वाटलो तुला?" वरून पाणी कुणाला ओतायची रीत होती ते सगळ्या डेकला ठाऊक. तुम्ही एवढंच म्हणालात, "तहान असेल तर ओंजळ करा, नसेल तर मागच्याला येऊ द्या." केली हो त्यांनी ओंजळ. त्यांच्या मागे एक म्हातारा उभा होता, जन्मभर तसंच पाणी प्यायलेला. तो हळूच म्हणाला, "आज सगळेच माझ्या पंक्तीला," आणि हसला. तेव्हा तुमच्या मिशीखालीही काहीतरी हललं. ते हसू होतं का बाबा? साथ आवरायची म्हणूनच धार सोडत होतात, की त्या कोटवाल्याच्या हातात ओतताना जरा मजाही येत होती? मला खरं म्हणजे हेच विचारायचंय.

कारण पुढे मीही त्याच कामाला लागले म्हणायची. आरोग्यसेविका झाले, आणि कोरोनात टाळेबंदी सैल होऊन खाडीतली फेरीबोट पुन्हा सुरू झाली तेव्हा दाभोळच्या जेटीवर माझी ड्यूटी लागली. हातात ताप बघायचं पिस्तूल. पहिल्या दिवशी अर्धी बोट आजारी निघाली! उन्हातून आलेल्यांची कपाळं तापणारच की. मग शहाणी झाले. आधी पंधरा मिनिटं सावलीत बसवायचं, मग कपाळ बघायचं. मास्क नाकावर घ्या, गाडीतल्यांनी गाडीतच बसा, काचा खाली करा, कठड्याशी घोळका नको, असं ओरडून ओरडून घसा बसायचा. एका आजीच्या तळव्यावर सॅनिटायझर ओतलं, तर तिनं तीर्थ समजून ओठांशी नेलं. हात धरला म्हणून बरं.

ताप निघाला की बोटीत चढायचं नाही, गावातल्या शाळेत वेगळं राहायचं, असा नियम. पण नियमाला एक फट होती. घरात कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तर तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करायचा; ते होय म्हणाले की आजारी माणसाला वेगळ्या होडीनं पलीकडे न्यायचं आणि अंगणातूनच, लांबून भेट घडवायची. एका परक्या बाईसाठी मी असा फोन केलाही होता.

मग एक दिवस दादा आला, मुंबईहून. पलीकडे आपल्या घरात आई अंथरुणाला खिळलेली. त्याला अर्धा तास सावलीत बसवला, तरी एकशे एक.

"अगो, प्रवासाचा ताप आहे हा. आई वाट बघत्येय."

"शाळेत जा," मी म्हटलं.

"तू मला सांगतेस?"

"इथे सगळ्यांना मीच सांगते."

तो गेला. मी रोज संध्याकाळी घरी पोचले की आई विचारी, "आला काय गो तो?" सहाव्या दिवशी ती गेली. दादानं तिला शेवटचं पाहिलं ते शेजाऱ्याच्या मोबाइलवर. नंतर त्याचा रिपोर्ट आला; कोरोना नव्हताच, साधा ताप.

वाडीत सगळे म्हणाले, पोरगी बापावर गेली, सख्ख्या भावालाही सोडलं नाही. मी ऐकून घेतलं. आईची औषधं, तिचं हगणंमुतणं, सगळी वर्षं मी एकटीनं काढलं, आणि हा दोन-दोन गणपती चुकवून फोनवर चौकशी करायचा. एकशे एक आकडा दिसला तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली नाही बाबा. वाटलं, बस आता तूही. फोन माझ्या खिशात होता, रेंज होती, डॉक्टरांचा नंबर पाठ होता. मी तो लावला नाही.

दादा आता दर गणपतीला न चुकता येतो. जेवताना म्हणतो, "तुझा काय दोष गो, तू तुझं काम केलंस." मी त्याला आणखी एक मोदक वाढते. हे सगळं खरं तर त्यालाच लिहायला हवं होतं. पण तो वाचेल, म्हणून तुम्हाला लिहिलं.