काळी बाजू वर, साफ बाजू खाली

१६ सप्टेंबर १९९६, सोमवार. संध्याकाळ.
काचा आल्या. ग्रॅज्युएटेड फिल्टर, लेन्सपुढे लावायचे. दोन. एकीची कड पुसट, एकीची धारदार. वरचा अर्धा भाग काळसर, खालचा साफ. काळा भाग आकाशावर धरायचा म्हणजे आकाश दबतं, जमीन उजळ राहते. इतकं सोपं. कॅमेरा क्लबातला हार्लन म्हणतो, शिकायला दोन वर्षं लागतात. हार्लनला लागली असतील. मी सत्तावीस वर्षं पाच फूट बर्फातून रस्ता साफ करणारा नांगराचा ट्रक हाकलाय, मला दोन आठवडे पुरेत.

संकल्प: क्लबच्या कॅलेंडरची मुदत ३१ ऑक्टोबर. सरोवराची एक पहाट आपली. कॅलेंडर स्वयंपाकघरात लागेल आणि बायको, नेडीन, ते वर्षभर बघेल. डॉक्टर म्हणाला, ती नाताळपर्यंत, कदाचित. डॉक्टर लोक आधी वाईटच सांगून ठेवतात, म्हणजे नंतर त्यांच्यावर यायला नको. हे सगळं नेडीनसाठी आहे, हे इथे लिहून ठेवतो.

१८ सप्टेंबर, बुधवार.
४:४५ ला उठलो. किनाऱ्यावर पहिला मीच. पाण्यातून वर आलेले चुनखडीचे खांब, पाणी काचेसारखं, ढग हवे तसे. पूर्ण रोल मारला. ३६ फोटो.
घरी आल्यावर लक्षात आलं, अंधारात काच उलटी बसली होती. काळी बाजू खाली. काच धरायच्या होल्डरची रचनाच मूर्खासारखी आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने लिहून टाकलं: काळी बाजू वर.

२० सप्टेंबर, शुक्रवार.
व्हर्ला आली. नेडीनची मोठी बहीण, रेनोहून. दोन सुटकेसी, टूना माशाचा भाजलेला कॅसेरोल आणि औषधांच्या दुकानात मिळतो तो पुठ्ठ्याचा कॅमेरा. चोवीस फोटो काढायचे आणि कॅमेराच दुकानात देऊन टाकायचा. त्याला कॅमेरा म्हणायचं तर माझ्या टोस्टरलाही म्हणावं लागेल. आली तशी बहिणीचे फोटो काढत सुटलीये. उजेड कुठून येतोय हेसुद्धा बघत नाही.

घरी येणाऱ्या नर्सने औषधाच्या वेळा बदलल्या. आता नेडीन दिवसभर गुंगीत असते. डोकं साफ असतं ते फक्त पहाटे साडेसहा ते साडेसात, आणि मग संध्याकाळी जेवणाआधी तासभर. नेडीन म्हणाली, बरंच झालं, सकाळची कॉफी बरोबर घेऊ, तुझ्या नोकरीत कधी जमलंच नाही, बर्फ पडला की तू तीनलाच पळायचास.
आता नशीब बघा. नेमक्या माझ्या त्याच दोन वेळा. नर्सला विचारलं, गोळ्या तासभर पुढे सरकवता येतील का. ती माझ्याकडे बघतच राहिली. हल्लीच्या मुलींना साधा प्रश्न समजत नाही.
सूर्याला तर काही सांगता येत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार.
पहिल्या स्लाइड्स लॅबकडून आल्या. आकाश पांढरंफटक, सरोवर डांबर. म्हणजे काच काम करते हे सिद्ध झालं.
आज पुसट कडेची लावली. तोंडाच्या वाफेने काच धुरकटली. थर्मासमधली कॉफी पिऊ नये, वाफ होते. उद्यापासून कॉफी बंद.

२९ सप्टेंबर, रविवार.
साडेसातच्या आत घरी यायचं ठरवलं होतं. आठला पोचलो. रस्त्यात हरणं. नेडीन झोपली होती. संध्याकाळी मात्र सूर्यास्त उरकून धावत आलो आणि तिच्यापाशी पूर्ण दहा मिनिटं बसलो. तिने विचारलं, आज काय पाहिलंस. मी तिला पुसट कड आणि धारदार कड यांतला फरक नीट समजावून सांगितला. ऐकता ऐकता ती शांत झोपली. माझ्या आवाजाने तिला बरं वाटतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार.
निघताना नेडीन जागी. म्हणाली, आज राहा ना, रॉइस. मी म्हटलं, ढग बघ कसले आहेत, उद्या नक्की. तीही म्हणाली, ठीक आहे, उद्या.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.
आजचे ढग कालच्यापेक्षा सरस. तिला कळणार नाही असं नाही, ती समजूतदार आहे.
व्हर्लाने दारात गाठलं. म्हणाली, आकाश काय, रोजच रंगतंय, त्याला तुझ्याशिवाय अडलेलं नाही. मी म्हटलं, रोज रंगतं पण रोज सारखं नसतं. ती म्हणाली, हो ना, तीही रोज सारखी नसते. व्हर्लाला शेवटचा शब्द स्वतःचाच लागतो. नवरा टिकला नाही तो उगाच नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
आज घरी राहिलो. लिहून ठेवतो, कारण नंतर कोणी लक्षात ठेवत नाही.
साडेसहाला टेबलाशी बसलो. व्हर्लाने नेडीनला उचलून खिडकीशी खुर्चीत बसवलं. वजन काही राहिलं नाहीये तिचं. तिने स्वतःच्या हाताने माझा कप भरला. थोडी कॉफी सांडली. म्हणाली, आठवतं का, लग्नानंतर तू... आणि तेवढ्यात समोरच्या मोटेलच्या छपरावर आकाश पेटलं. महिन्याभरात असा रंग नव्हता. म्हटलं, पाच मिनिटं. फक्त हायवेपर्यंत.
हायवेवरून विजेच्या तारा आड येत होत्या, म्हणून किनाऱ्यापर्यंत जावं लागलं. आठ दहाला परत. लग्नानंतरचं काय ते संध्याकाळी विचारायचं ठरवलं. संध्याकाळीही ढग आले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.
क्लबात स्लाइड्स दाखवल्या. हार्लन म्हणाला, आकाश झकास, पण फोटोत कोणी राहत नाही रे, पुढे काहीतरी जिवंत हवं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना डोलवायला काय लागतं.
परतताना ट्रकमध्ये सुचलं. नेडीन! सरोवरासमोर नेडीन. लाल कोटात. लोक म्हणतात मी तिला वेळ देत नाही, आता एकाच वेळी दोन्ही होईल. हे आधी कसं सुचलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार.
व्हर्लाने आकांडतांडव केलं. म्हणाली, तिला अंथरुणातून न्हाणीघरापर्यंत जाववत नाही आणि तू थंडीत सरोवरावर नेणार, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कॅलेंडरसाठी? नर्सही नको म्हणाली.
नेडीनला विचारलं. ती म्हणाली, चल, जाऊ. तू तरी असशील ना तिथे. मी म्हटलं, म्हणजे काय, फोटो कोण काढणार.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळ.
ऐतिहासिक दिवस.
पाचला निघालो. तिला ट्रकमध्ये मी उचलून ठेवलं, दोन घोंगड्या, उशी, थर्मास, दोन कप. कप तिनेच घ्यायला लावले. किनाऱ्यावर घडीची खुर्ची, तीत नेडीन, लाल कोट, मांडीवर हात. मागे पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, डोंगरांमागे सूर्य. कॅमेरा मुद्दाम खाली, बसलेल्या तिच्या खांद्यांएवढा लावला, म्हणजे खांब उंच दिसतात. हार्लनला सुचलं नसतं.
तिला सूर्यास्त बघायचा होता. म्हटलं, तो मागे आहे, तू इकडे बघ, माझ्याकडे. ती म्हणाली, बरं, मग मी तुलाच बघते. हसली. मी म्हटलं, हनुवटी जरा डावीकडे.
सहा वीसला आकाश असं पेटलं की एक काच पुरेना. दोन्ही लावल्या, एकावर एक. अंधारात कॅमेऱ्याच्या खिडकीतून कड कुठे येते ते दिसत नव्हतं, पण इतक्या आठवड्यांनी हाताला कळतं. आकाश हातचं जाऊ नये म्हणून काचा बऱ्याच खाली ओढल्या. उजेड मोजला तो तिच्या पायाजवळच्या वाळूवरून, नियमाप्रमाणे.
मध्ये ती म्हणाली, रॉइस, इकडे येऊन बस ना, कॉफी आहे अजून गरम. म्हटलं, दोन मिनिटं, उजेड चाललाय.
३६ च्या ३६. उजेड संपला तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती. कप मांडीवर, भरलेला. हात गार पडले होते.
कॅलेंडरचा फोटो या रोलमध्ये आहे. मला माहीत आहे. उद्याच्या टपालाने लॅबला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.
नेडीनला ताप. व्हर्ला माझ्याशी बोलत नाही, कपाटांशी बोलते आणि कपाटांची दारं आपटते. थंडी आणि तापाचा संबंध नसतो, हे मी वाचलेलं आहे.
पहाटेसुद्धा जागी झाली नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार. ८:२०.
नेडीन गेली. सात वाजता. व्हर्ला होती जवळ.
मी किनाऱ्यावर होतो. ढग अजिबात नव्हते.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
पाद्री येऊन गेला. प्रार्थना शनिवारी. छापील पत्रिकेवर तिचा अलीकडचा फोटो हवा म्हणाला. व्हर्ला काही बोलणार होती, मी तिला थांबवलं. म्हटलं, फोटोची काळजी करू नका. या गावात फोटोची काळजी करायला माणूस आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार.
टपाल आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्लाइड धरली.
आकाश अप्रतिम. जांभळं, केशरी, कुठे पांढरं पडलेलं नाही. पाणी सुरेख. वाळूचा कण न् कण दिसतो. लाल कोट, मांडीवरचे हात, बोटातली अंगठी, कप. खांद्यांपर्यंत सगळं.
खांद्यांच्या वर काळं.
पलीकडचा किनारा तिच्या खांद्यांच्या रेषेत आला होता. काचांची कडही तिथेच. त्याच्यावरचं सगळं दाबलं गेलं. आकाश उजळ होतं, ते सावरलं. ती नव्हती उजळ.
छत्तीसही पाहिल्या. छत्तीसही तशाच.
लॅबला फोन केला, म्हटलं, तुमच्या रसायनांत घोळ आहे. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, साहेब, स्लाइड माझ्या डोळ्यांखालून गेली, इतकं नेमकं आकाश क्वचित येतं. मग विचारलं, खुर्चीत कोण आहे? मी फोन ठेवला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.
व्हर्लाने टेबलावर पाकीट ठेवलं. औषधांच्या दुकानातले फोटो, चोवीस. क्षितिज तिरकं, खिडकीच्या काचेत फ्लॅशचा ठिपका, एकात तिचा स्वतःचा अंगठा. सुमार काम.
जवळजवळ सगळे तेच. नेडीन खिडकीशी खुर्चीत, हातात कप, तोंडावर सकाळचं ऊन. बाहेर बघतेय. टेबलावर दुसरा कप, भरलेला. मागे व्हर्लाच्या अक्षरात तारखा. २१ सप्टेंबर. २६. ३ ऑक्टोबर. ४.
विचारलं, दुसरा कप तुझा का? व्हर्ला म्हणाली, मी चहा पिते, पस्तीस वर्षं तुझ्यासमोर पितेय. तो नेडीन रोज तुझ्यासाठी भरायची. साडेसातला मी ओतून टाकायचे.
८ ऑक्टोबरचाही आहे. त्यात ती दाराकडे बघतेय आणि टेबलावर कॉफी सांडलीये.
लग्नानंतर काय, ते विचारायचं राहून गेलं. व्हर्लालाही माहीत नाही.
पाद्र्याला ४ तारखेचा दिला.

२६ ऑक्टोबर, शनिवार.
प्रार्थना झाली. चर्च भरलं होतं, नांगरावरची जुनी मंडळीही आली होती. हॅम, बटाट्याचं सॅलड, पाच प्रकारचे केक. मी काय खाल्लं आठवत नाही.
सगळे पत्रिकेवरच्या फोटोबद्दल बोलत होते. हार्लनने ती दोन्ही हातांत धरली होती, त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, रॉइस, आयुष्यभर क्लब चालवला पण चेहऱ्यावर असा उजेड मला कधी पकडता आला नाही. तूच काढलास ना?
व्हर्ला शेजारीच उभी होती, हातात बशी.
हो म्हणालो.
त्याने विचारलं, कोणती काच लावली होतीस?
म्हटलं, एकही नाही.
व्हर्लाने माझ्याकडे पाहिलं. मग हार्लनला केक हवा का विचारलं.

२७ ऑक्टोबर, रविवार.
आजपासून हिवाळ्याची वेळ, घड्याळं तासभर मागे. म्हणजे एक तास जास्तीचा मिळाला.
व्हर्ला काल रात्रीच रेनोला गेली. जाताना दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.
अलार्म बंद करायचा राहिला होता, त्यामुळे जागा झालो. ढग चांगले होते. गेलो नाही. कॉफी केली, दोन कप भरले आणि तिच्या खुर्चीत बसलो. या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो.
मला वाटायचं, ती सूर्योदय बघते. इथून सरोवर दिसतच नाही, मोटेल आड येतं. आकाशही बोटभरच. दिसतं ते हायवेचं वळण, जिथून माझा ट्रक यायचा.
साडेसातपर्यंत बसलो. मग दोन्ही कप ओतून टाकले.