चार वाजताची ताटं

११ जून २०१२, लातूर
अहमदपूरहून मामानं बसमध्ये बसवलं तेव्हा वाटलं, वृद्धाश्रमात नुसती रडारड असंल. तर इथं कसली ऐट! गुळगुळीत फरशी, खाटेखाटेला घंटी, गरम पाणी. वरचे दोन मजले क्लासच्या पोरींना भाड्यानं दिलेत. मी खालच्या बावीस म्हाताऱ्यांची आया. राहायला स्वतःची खोली. बाई गं, नशीबच उघडलं माझं!

१३ जून
दुपारी चारला सगळे ताटं वाजवतात. मला वाटलं चहासाठी. म्हणलं, आणते की, दम धरा! पार्वतीबाई हसल्या. म्हणाल्या, भूकंपानंतर इथं पत्र्याचं शेड होतं, एकटी उरलेली माणसं त्यात आणून ठेवली. भूकंप झाला तेव्हा गावात ढिगाऱ्यापाशी ताट वाजवायचं आणि गप बसून ऐकायचं, आतून कुणी ठोकतंय का. शेडची इमारत झाली, सवय काही गेली न्हाई.
माझी आईपण तशीच ढिगाऱ्याखाली गेली. मी आठ वर्षांची होते. असो, भांडी पडलीत घासायची.

२० जून
पोरींच्या अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून तक्रार आली. मॅनेजर साहेबरावांनी स्टीलची ताटं काढून प्लॅस्टिकची दिली. गोळा मीच केली. पार्वतीबाईंच्या हातून ताट सुटेना. म्हणाल्या, आपण न्हाई वाजवलं तर ते आतले वाजवतील. म्हातारपणाचं खूळ, दुसरं काय!

२१ जून
चारला खालून ठकठक आली. तीनदा. साहेबराव म्हणाले, मोटर असंल. खाली तळघर न्हाई, नुसती काळी माती.

२४ जून
रोज येते. माझ्याच खोलीखालून. तीनदा, मग बांगड्या वाजतात. कुणी घाबरत न्हाई. मीपण न्हाई. भाकरी चावते, चव लागत न्हाई.
लिहूनच टाकते. भूकंपाच्या दिवशी फौजेच्या माणसानं विचारलं होतं, आत कुणी हाय का. आई ठोकत होती. मी न्हाई म्हणाले. हाव म्हणलं तर दाखवायला परत आत नेतील, लई भ्याले होते. ते पुढच्या घराकडं गेले.

२६ जून
कपाटातून एक ताट काढलं. वाजवलं. ऐकलं.
ठोकणं थांबलं — मग हळूच — माझंच नाव, सिंधू, म्हणून —

२७ जून
चार वाजले. सगळे म्हातारे माझ्या दारात. पार्वतीबाईंनी तेच विचारलं. आत कुणी हाय का.
या वेळेला हाव म्हणाले. दाखव म्हणतात — फरशी निघाली — हात — आईच हाय, बांगड्या — धरलंय तिनं, आत ये म्ह—