तिसरी कमान

पौष शु. ५, शके १८२७. धार.
सराईचे फोटो काढण्याचे काम अखेर माझ्याच गळ्यात पडले. दरबारचे कामदारसाहेब म्हणाले, "मुलींची शाळा व्हायच्या आधी इमारत आहे तशी टिपून ठेवायची. तुम्ही नाही तर कोण?" बादशहाच्या काळी उतारू, मग आपल्या लोकांचे घोडे, मग प्लेगचे इस्पितळ, आता शाळा. भिंतींना काय, कोणीही या. मला मात्र त्या फाटकातून आत जायचे नाही. माझी यमुना प्लेगात तिथेच गेली, तीन वर्षे झाली.

शु. ७
गेलो. फोटोच्या काचा जुन्याच, आधीची चित्रे घासून पुन्हा मसाला लावलेल्या. कॅमेऱ्याचे झाकण काढून जपमाळेचे दहा मणी मोजायचे, ही माझी रीत. गवंडी चुन्याच्या पाट्या घेऊन पुढून जात होते. जाऊ दिले. चालता माणूस काचेवर उमटत नाही, उभा राहील तोच उमटतो.
डावीकडची तिसरी कमानही घेतली. प्लेगात आत सोडत नसत. मी समोरच्या तलावाच्या पाळीवर उभा राही आणि य. त्या कमानीत येई.
चौकीदार तोच म्हातारा, मालवी. मला ओळखले मेल्याने. "भिया, वा बई दो दन याँज ऊबी री. तम नी आया."
ती दोन दिवस तिथे उभी राहिली तेव्हा मी देवासला होतो. लग्नाचे फोटो. दुसऱ्या कोणाला पाठवता आले असते. घाबरलो होतो प्लेगला, पळालो. इथे तरी खरे लिहावे.

शु. ८
सकाळी उन्हात कागदावर छापले. तिसऱ्या कमानीत बाई उभी. लुगडे, डोक्यावर पदर, तोंड पुसट. गवंडी एकही नाही.
छे! काच नीट घासली गेली नाही, दुसरे काय. मागचे चित्र वर येते, या धंद्यात हे होतेच. य.च्या एकुलत्या फोटोची काच मीच घासली होती, दुसरे लग्न ठरल्यावर. आई म्हणाली, "नव्या सुनेच्या नजरेस नको." मग ती बाकीच्या काचांत मिसळली. तीच ही असणार.
घासताना आळस केला ते बरेच झाले. दिवसभर तोंड निरखत बसलो.

शु. १०
गोदाने पाहिले. घरात लपवणार किती! तिच्या गळ्यात य.चा चांदीचा टाक असतो, सवतीचा. रोज आंघोळ झाली की त्याला हळदकुंकू लावते बिचारी. य.चे तोंड तिने कधी पाहिलेले नाही.
"ह्याच का हो त्या?"
"हो."
बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पण सासूबाई तर सांगायच्या, त्यांना खुर्चीत बसवून काढला होता फोटो. ह्या उभ्या आहेत."
खरेच की. खुर्चीतच बसवले होते. मला कसे सुचले नाही? जेवण गेले नाही.

शु. १२
कामदारसाहेब चिडले. "शाळेच्या चित्रात ही बाई कोण? कमान मोकळी पाहिजे. ती काच पुसा, दुसरा काढा."
घरी सांगितले तर गोदा म्हणाली, "एकदा पुसलीत तेवढं पुरे." असे ती मला कधी बोलली नव्हती. तिनेच काच फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवून दिली.

पौर्णिमा
पुन्हा गेलो. या वेळी मुंबईची तयार सुकी काच, कोरी. तिच्यावर आधी कोणाचेच चित्र नाही. गवंड्यांना बाहेर काढले. कमान रिकामी, नीट पाहून घेतली. दहा मणी झाले तरी झाकण लावायला हात होईना, म्हणून आणखी दहा मोजले. "आलोय गं," म्हटले, मोठ्यानेच. चौकीदाराने ऐकले तर ऐकले.

वद्य ३
सुकी काच लगेच औषधात धुवावी लागत नाही, अंधारात ठेवली की चित्र तिच्यात राहते. कामदारांची दोन बोलावणी आली. सोमवारी शाळा सुरू, लहान मुलींना तिसऱ्या कमानीतच बसवणार म्हणे.
कमान रिकामी निघाली तर ती गेली, कायमची. दिसली तर अजून उभीच आहे, माझ्यासाठी. यातले काय मागू देवाकडे?
गोदाने विचारले, "काय आलं?"
"अजून धुतली नाही."
तिने टाकाला हळदकुंकू लावले आणि तेच बोट काचेच्या पेटीला टेकवले.