माझ्या मापाचा गोठा

प्रिय दादू,

तुझ्या बाबांच्या डोक्यात काय शिरलंय, मला काही उमगत नाही. काळजीच वाटायला लागलीय. तू जाऊन आठवडा होत नाही तोच गोठ्यात ठाकठोक सुरू झाली, ती अजून थांबत नाही. विचारलं तर म्हणतात, लाकूड कुजलंय. गव्हाणीची एक फळी कुजली होती, ते मान्य. पण फाटक चांगलं धडधाकट, त्याची कडी उपटून वीतभर खाली कशाला लावायची? आता ती लावताना हेच वाकतात आणि कण्हतात. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा, दुसरं काय!

या माणसाने जन्मात कधी टेप धरली नाही, तुला ठाऊकच आहे. सगळं स्वतःच्या अंगावर मापायचं. गव्हाण त्यांच्या कमरेला, अडसर त्यांच्या खांद्याला. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या गोठ्यात टाचा उंचावूनच वावरले. कुरकुर केली की म्हणायचे, तूच वाढ थोडी. आणि आता? मी भाजी फोडणीला टाकावी, तेवढ्यात यांची हाक, जरा येऊन उभी राहा. मी खांबासारखी उभी, हे कानावरची पेन्सिल काढून माझ्या कोपराशी खूण करणार. धार काढायचं स्टूलसुद्धा मला बसवून बसवून कापलं. उतारवयात बरं प्रेम उतू चाललंय, अशी थट्टा केली, तर हसलेही नाहीत.

परवा हे मोठी गाय विकून आले. मला विचारलंदेखील नाही. ती नाठाळ, यांच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे, आणि यांचा तिच्यावर केवढा जीव! मी भडकलेच. तर खाली मान घालून म्हणाले, “तुला एकटीला ती आवरली नसती.” मी म्हटलं, मला कशाला आवरायला हवी, तुम्ही आहात की. हे आपले रंधा मारत राहिले.

तेव्हापासून मी एकेक गोष्ट जुळवून बघतेय. तू त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलंस, परत आल्यावर दोघंही पित्त आहे म्हणालात. ते सांगताना तू माझ्याकडे बघितलं नव्हतंस. दादू, डॉक्टर खरं काय म्हणाले? फोनवर नको, फोन हेच उचलतात. तू ये, माझ्यासमोर बस आणि सांग. मी रडेन, पण मोडणार नाही. जेवढे दिवस असतील तेवढे मला सगळं माहीत असताना त्यांच्याबरोबर काढायचेत.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई