डॉर्कसची बाकावरची जागा

कॅन्सस, १ सप्टेंबर १८८०

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत. परवा छपराच्या मातीतून साप पडला, थेट बाबांच्या मक्याच्या लापशीत. बाबांनी आधी लापशी वाचवली, मग स्वतःला.

केंटकीहून नवे शेजारी आलेत. ते पूर्वी गुलाम होते. त्यांची डॉर्कस माझ्याच वयाची आहे. शाळेच्या शेगडीसाठी आम्ही दोघी रानात वाळलेल्या शेणी गोळा करतो. ती माझ्या दुप्पट भरते आणि मला नाजूक बाईसाहेब म्हणते. पण शाळासमितीचे मिस्टर ट्रॉटर म्हणाले, तिच्या शेणी चालतील, काळी मुलगी वर्गात चालणार नाही. महिनाअखेर सभेत मतं घेणार आहेत. आमच्या बाजूने बाबा, डॉर्कसचे बाबा आणि म्हातारे लुंडक्विस्ट असे तिघं. त्यांच्या बाजूने पाच. सभेचं नाव निघालं की आई पाव मळायला घेते. डॉर्कसला बसू दिलं नाही, तर मीही शाळा सोडणार.

माया आहेच, ती आणखी थोडी पाठव.
तुझी थर्झा

ओहायो, ९ सप्टेंबर

चि. थर्झास अ. आ.

शाळा सोडायची भाषा पुन्हा केलीस तर तिथे येऊन कान उपटीन. तू उठलीस की ट्रॉटरचंच काम सोपं!

आता नीट ऐक. तुमच्या कॅन्ससच्या कायद्यात शाळेच्या सभेत बायकांनाही मत आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. बायकांच्या हक्काचं काही असलं की सांगायला कुणाला वेळ नसतो! मी इथे तीस वर्षं व्यासपीठावर घसा फोडते आहे, सडकी अंडी झेलते आहे, आणि मला अजून मत नाही. माझ्या लेकीला आहे, आणि ती पाव मळते!

तुझ्या आईला, लविनाला सांग, सभेत जाऊन मत दे, हा माझा हुकूम आहे. नको, विनंती आहे म्हण. माझ्या सभांपायी लहानपणी तिला फार चिडवलं लोकांनी. तिला सभांचा राग का, हे मी जाणते.

पापे घे.
तुझी भांडखोर आजी

कॅन्सस, १ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आईने ते घडी करून खिशात ठेवलं. सकाळी उठली, घोडीवर खोगीर टाकलं आणि घरोघर फिरली. सभेला आई धरून सात बायका आल्या, कडेवर मुलं घेऊन. मिस्टर ट्रॉटर म्हणाले, बायकांनी घरी जाऊन चुली बघाव्यात. लुंडक्विस्टकाकू म्हणाल्या, शाळेची शेगडीही आमच्याच शेणींवर पेटते, मग बस हिवाळाभर कुडकुडत! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मास्तरांनी कायदा वाचून दाखवला.

आईचा हात सगळ्यांत आधी वर गेला. डॉर्कसच्या आईने तर दोन्ही हात वर केले, मोजला एकच. दहा विरुद्ध पाच!

डॉर्कस माझ्या शेजारी बसते आणि सारखी कोपर मारते.

तुझीच थर्झा

ओहायो, ९ ऑक्टोबर

चि. लविनास अ. आ.

बाळे, थर्झाचं पत्र वाचलं, दार लावलं आणि एकटीच स्वयंपाकघरात हात वर करून उभी राहिले. पण मोजायला कुणी नसलं की नुसता खांदा दुखतो. हात खरोखर मोजला जातो तेव्हा कसं वाटतं, ते मला सविस्तर लिही. घाई करू नकोस. सगळं लिही.

तुझी आई