“हे शेती करते,” मी म्हणलं

वच्छलावहिनी,

तुमचे घरधनी खुशालराव माह्या कारखान्यात बारा वर्षं सागवानी दारं मशीननं घासत होते. खोकला वाढला तवा मीच त्यायले अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, “काम काय करता?”

ते बोलायच्या आधीच मी म्हणलं, “हे शेती करते.”

लाकडाच्या धुळीचं नाव निघालं तर चौकशी होईल, याचं मले भेव होतं. खुशालरावनं माह्याकडे पायलं आन् मान खाली घातली. डॉक्टरनं नुसतं खोकल्याचं औषध दिलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यायले पुन्हा मशीनवर उभं केलं.

आता त्यायच्यानं अंगणापर्यंतबी चालवत नाही. हे पत्र टाकायची मले हिंमत नाही. दवाखान्यात नेलं म्हणून तुमी तेल्हाऱ्याहून टोपलंभर वांगे पाठवले. ते मी खाल्लेबी.

तुमचा गुन्हेगार,
पंजाबराव