आमच्या घराचा सरासरी धूर

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७
देवास. आजपासून रोज लिहिणार.
गाडी २०११ची, डिझेल. १८ तारखेला पंधरा वर्षं पूर्ण, नोंदणीचे कागद संपणार. रिन्यू करायचे तर आधी धुराच्या तपासणीत पास. २२ला धारला किमयाचा साखरपुडा. मी तात्यांना शब्द दिलाय की नातीच्या साखरपुड्याला तुम्ही तुमच्याच गाडीतून जाल. ८१ वर्षांच्या वडलांचा जीव आहे त्या गाडीत. ते बोलून दाखवत नाहीत, पण मला कळतं.
अलका म्हणाली, भंगारात द्या, माझा जयसिंगदादा धारहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन येतोय. मी विचारलं, मुलीचा बाप मेव्हण्याच्या गाडीतून उतरणार? ती म्हणाली, वेळेवर उतरला तरी पुरे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
बायपासवर पीयूसीची व्हॅन. तिथे अर्पित बसतो. सायलेन्सरमध्ये नळी घातली, मला रेस द्यायला लावली. मशीनवर जो आकडा आला तो इथे लिहीत नाही. मशीन जुनं वाटलं.
आकडा येईपर्यंत अर्पित मला भिया, म्हणजे इकडचा भाऊ, म्हणत होता. नंतर काका म्हणाला. काका, इंजन बनवा लो.
मी ४९.

५ फेब्रुवारी, ऑफिसात, लंचनंतर
शोध लागला! मायलेजच्या सरकारी नियमात कंपनीची एकेक गाडी धरत नाहीत. विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढतात. एखादी ढोसणारी असली तरी चालते, बाकीच्यांनी कमी प्यायलं की झालं.
जे कंपनीला ते कुटुंबाला का नको?
आमचा ताफा: गाडी, अलकाची स्कूटी, तात्यांची सायकल (१९७४ची, धूर शून्य). सरासरी काढली. आम्ही युरोपच्या पुढे आहोत.

८ फेब्रुवारी, रविवार
सायकल टपावर बांधली, किमयाला स्कूटी घेऊन मागे यायला सांगितलं. अर्पितला पॉलिसी समजावली. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग शेजारच्या चहावाल्याला बोलावून म्हणाला, काका, एक बार फिर से. दुसऱ्यांदा मी जास्त चांगलं समजावलं.
अर्पित म्हणाला, सब ठीक है, पण सायकलला नळी कुठे लावू?
किमया समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभी. एरवी ती पुस्तकसुद्धा इतकं मन लावून वाचत नाही.
घरी तात्या दारात. म्हणाले, सायकल सांगून नेत जा, दळण राहिलं.
सामान्य माणसाला पॉलिसी कळायला वेळ लागतो.

१२ फेब्रुवारी
वजन कमी तर धूर कमी. मागची सीट काढून गच्चीवर ठेवली. तात्यांनी विचारलं, मग मी कुठे बसू?
डिटेल नंतर बघू.

१४ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
मूळ दोष सायलेन्सरमध्ये. आतून पुसायचं ठरवलं. कापड पांढरंच हवं, प्रगती दिसली पाहिजे. घरातलं सगळ्यात पांढरं: तात्यांचं सोवळ्याचं रेशमी उपरणं. पेटीतच असतं, वर्षातून चार वेळा निघतं. तात्या त्याला कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणून विचारलं नाही. धुऊन परत ठेवणार होतो.
काठीने आत घातलं. बाहेर आलं तेव्हा पार काळं. आनंद झाला. एवढा धूर देवासच्या हवेतून वाचला!
दुसऱ्यांदा जरा खोल घातलं. नुसती काठी बाहेर आली.
काही हरकत नाही. गरम हवेने आपोआप येईल.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
तात्या सकाळपासून उपरणं शोधतायत. मीही शोधलं. पलंगाखालीसुद्धा. शेवटी ते टॉवेल पांघरून पूजेला बसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
शेवटचा दिवस. गाडी चालू होऊन बंद पडायची. बायपासपर्यंत निम्मी चालवली, निम्मी ढकलली. (ढकलताना धूर शून्य. नोंद असावी.)
अर्पितने नळी लावली. मी रेस दिली. धूर नाही! जरासुद्धा नाही! मी ओरडलो, लिख ले भिया! तेवढ्यात इंजिन बसलं.
अर्पितने वाकून आत बघितलं, तारेचा आकडा घातला आणि ओढत राहिला. ओढतच राहिला. म्हणाला, काका, ये तो साडी है.
अलका तेवढ्यात स्कूटीवर मला जेवायला बोलवायला आली होती. काळ्या चिंध्यांतला जरीचा काठ तिने लगेच ओळखला. चिंध्या डिकीत घातल्या आणि गेली.
स्कूटीला खरंच धूर नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार, धार
जयसिंगरावांच्या गाडीतून आलो. मी मागे मधल्या जागी, मांडीवर फळांची परडी. तात्या पुढे, खांद्यावर बाजारातलं नवं सुती उपरणं.
घाटाबिल्लोदच्या पुढे मला राहवलं नाही. म्हणालो, तात्या, माफ करा, तुमच्या गाडीतून नेता आलं नाही.
तात्या म्हणाले, माझी कुठली? तुला हवी होती म्हणून घेतली. पंधरा वर्षं त्या डिझेलच्या वासाने मळमळतंय मला. तू एवढ्या हौसेने चालवायचास, म्हणून बसायचो.
मग पुढे बघतच म्हणाले, उपरणं माझं होतं.
जयसिंगरावांच्या गाडीला आवाजच नाही. कुणी बोलत नव्हतं ते धारपर्यंत ऐकू येत होतं.